नावाड्याची चौथी शक्ती

४ मार्च, मंगळवार

पाच महिने या वहीला हात लावला नाही. वहीची माफी मागणं वेडेपणाचं आहे हे कळतं, पण कॉलेजपासून आजवर एवढा खंड कधी पडला नव्हता, तेव्हा निदान कारण नोंदवून ठेवते. आजारपण नव्हतं, कामाचा बोजाही नव्हता. मी दुसरीकडे लिहीत होते.

काय लिहीत होते, हे इथेसुद्धा सांगायला संकोच वाटतो. वय चव्वेचाळीस. काम वाहन परवान्याच्या परीक्षकाचं: रोज दहा-बारा अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं आणि ती पास की नापास ते ठरवायचं. आणि अशी बाई संध्याकाळी घरी येऊन एका गेममधल्या नावाड्याच्या गोष्टी रचते.

गेमचं नाव धुकेघाट. बाबांनी दोन वर्षांपूर्वी टॅबलेट घेतला, तेव्हापासून त्यांना त्याचं वेड. अडतीस वर्षं बस चालवलेला माणूस आता बोटाने नाव चालवतो. नदी, दाट धुकं, नावेत एक मुका प्रवासी, पलीकडे घाट. दोन्ही काठांकडून ओंडके येतात, भोवरे येतात, सुटलेल्या होड्या येतात. पाच धक्के बसले की नाव बुडते. नावाड्याला तीन शक्ती, तीनच: कंदील, तो फक्त समोरचं दाखवतो, शिट्टी, तिने पुढची होडी थांबते, आणि दोर, तो टाकला की नाव जागच्या जागी उभी राहते. बाबांना शिकवायला म्हणून मी शेजारी बसले आणि त्या म्हाताऱ्या नावाड्याचं मलाच कुतूहल वाटायला लागलं. हा कोण? पलीकडे सोडलेल्या माणसांची त्याला आठवण येते का? गेम काही सांगत नाही. म्हणून मी सांगायला लागले. अशा चाहत्यांच्या गोष्टींची एक साइट आहे, तिथे टोपणनावाने अकरा प्रकरणं टाकली आहेत. वाचक एकूण तेवीस.

आज वहीकडे परतले ती अकराव्या प्रकरणामुळे. त्यात मी नावाड्याला एक शक्ती दिली जी गेममध्ये नाही. वल्हं पाण्यात असलं की बाजूने काय येतंय ते त्याला हाताला कळतं, बघावं लागत नाही. लिहिताना फार सुंदर वाटलं. खाली ‘काटेकोर’ नावाच्या वाचकाची टिप्पणी आली. हा मनुष्य (किंवा बाई) पहिल्यापासून एकही प्रकरण सोडत नाही. लिहिलं होतं: “नावाड्याला तीन गोष्टी येतात. तुम्ही चौथी दिलीत. हरकत नाही, पण का दिलीत?”

दोन तास उत्तर शोधतेय. सापडत नाही.

६ मार्च, गुरुवार

आज सात पास, चार नापास. नापासांतली एक बाई फार चांगली चालवत होती. गिअर लोण्यासारखे पडत होते. फक्त मार्ग बदलताना आरसा बघितला नाही, एकदाच. तिने विचारलं, एकदाच ना? मी म्हटलं, एकदाच. ती रडली नाही, पण गाडीचं दार जरा जोरात लागलं.

मी दहावीस शब्दांपलीकडे कुणाशी बोलत नाही. डावीकडे घ्या, पुढच्या सिग्नलला उजवीकडे, इथे थांबवा. परीक्षकाने मदत करायची नाही, इशारा करायचा नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पायाखाली जादा ब्रेक असतो, तो दाबला की समोरचा नापास.

येताना वाटेत विचार आला. अनोळखी बाईला एका आरशावरून नापास करणारी मी, आणि माझा नावाडी अडचणीत आला की त्याच्या हाती नवी शक्ती ठेवून मोकळी. लोकाचं ते कार्टं नि आपला तो बाब्या. ‘काटेकोर’ला हेच म्हणायचं असेल का?

बाबा अजून तिसऱ्या घाटावरच अडकलेत. पहिले दोन घाट सोपे, तिथे सगळं समोरून येतं. तिसऱ्यावर बाजूंनी येतं. डावीकडच्या ओंडक्याने नाव बुडते आणि ते टॅबलेटला दोष देतात, म्हणतात काच डावीकडे मंद झाली आहे. मी ओल्या फडक्याने पुसून दिली. मला तरी ती स्वच्छ दिसते.

८ मार्च, शनिवार

आज सुट्टी होती म्हणून आत्याच्या गुडघ्यांच्या व्यायामाला मीही सोबत गेले. आत्या तळमजल्यावर राहते, बाबांहून चार वर्षांनी मोठी. मंगळवारी आणि शनिवारी बाबा तिला घेऊन जातात, मी एरवी कामावर असते. आत्या पुढे, बाबांच्या शेजारी, मी मागे.

आत्याने दारात पर्समधून गाडीची किल्ली काढून बाबांना दिली. त्यांच्या हातून हरवते म्हणे. आणि गाडी सुरू झाल्यापासून जी बोलायला लागली ती दवाखाना येईपर्यंत. बाई आली हं कडेवर मूल घेऊन. कुत्रं बसलंय. रिक्षा निघतेय. अरे, ती लाल फाटकातून गाडी येतेय वाटतं. खोड जात नाही म्हणून मी मोजलं: अकरा मिनिटांत एकतीस वाक्यं. बाबा मधूनमधून म्हणत होते, अक्का, मी अडतीस वर्षं बस चालवली, त्यात एकदाही असं धावतं वर्णन ऐकलं नाही. आत्या म्हणाली, मग ऐक आता.

बाबांचा परवाना या महिन्यात संपतोय. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर नूतनीकरण म्हणजे पुन्हा चालवून दाखवायचं. तारीख सत्तावीस मार्च. परीक्षा मी घेणार नाही हे उघड आहे, आमचे वरिष्ठ घेतील. डॉक्टरचा दाखला मिळालाय. तक्त्यावरची शेवटची ओळ बाबांनी धडाधड वाचली. आत्याच्या या बडबडीची सवय मात्र परीक्षेत नडेल. शेजारी बसलेला माणूस गप्प असला की पुष्कळांना घाबरायला होतं, हे मी रोज बघते.

डावा आरसा चिकटपट्टीने बांधलेला दिसला. पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकला म्हणे. लोक बेफिकीर असतात.

११ मार्च, मंगळवार

‘काटेकोर’ला उत्तर पाठवलं: शक्ती फुकट नाही, वल्ह्यातून बघितलं की नावाड्याचे हात बधिर होतात. तासाभरात उलट टपाल: “ही किंमत तुम्ही मागाहून चिकटवली. वाचताना कळतं.”

कळतंच. मलाही कळत होतं.

१५ मार्च, शनिवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी मी ठरवलं की बाबांची सराव-परीक्षा घ्यायची. म्हणजे जाताना सगळं परीक्षेसारखं. आत्याला सांगितलं, तू परीक्षक, दवाखान्यापर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं तिला राग आला. म्हणाली, नको गं, मला जमणार नाही. मी म्हटलं, बाबांच्या भल्यासाठी. बाबा म्हणाले, अक्का, अकरा मिनिटं, मौनाचं पुण्य लागेल. ती गप्प बसली. पट्टा दोन्ही हातांनी धरून.

सहा-सात मिनिटं बाबांनी उत्तम चालवली. मी मनात गुण देत होते. छापखान्याच्या कोपऱ्यावर डावीकडच्या गल्लीतून एक बाई सायकलवर आली, मागे कापडाचं गाठोडं. मला ती स्पष्ट दिसली. मी वाट बघत होते की आता बाबा वेग कमी करतील. आत्या ओरडली आणि माझा पाय मागच्या सीटखालच्या रबरी मॅटवर जोरात दाबला गेला. तिथे ब्रेक नसतो.

धक्का हलका होता. बाई पडली, कोपर खरचटलं, गाठोडं सुटलं. शिवलेले पडदे होते, रस्त्यावर पसरले. मी तिला घेऊन त्याच दवाखान्यात गेले. तक्रार नको म्हणाली, पडदे धुऊन द्या म्हणाली. बाबा पुन्हा पुन्हा एकच सांगत होते: ती कुठून आली कळलंच नाही. हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते आणि दर वेळी त्यापुढे नापासाची खूण करते.

परतताना गाडी मी चालवली. 

१६ मार्च, रविवार

पडदे धुऊन, इस्त्री करून पोचवले. बाई घरीच शिवणकाम करते. कोपराला पट्टी होती तरी मशीन चालू होतं. म्हणाली, “काका सरळ बघत होते ना, मला वाटलं त्यांना मी दिसले. म्हणून मी थांबले नाही.” मी माफी मागितली. तिने पडद्यांच्या घड्या मोजल्या, बरोबर आहेत म्हणाली.

दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मी काय केलं असतं? कार्यालयाला कळवा म्हटलं असतं. मी कळवलेलं नाही. चोवीस तास झाले.

मला वाटतं चूक माझीच. सराव-परीक्षा हा शब्दच काढायला नको होता. आत्या बोलत असते तेव्हा बाबा चिडलेले असतात, आणि चिडलेले असले की सावध असतात. काल ते शांत होते, म्हणून ढिले पडले. हे स्पष्टीकरण मला सकाळी पटलं होतं. आता लिहिताना तितकं पटत नाही.

१९ मार्च, बुधवार

‘काटेकोर’चा काटा पायात रुतून बसलाय. आज एक कल्पना सुचली: चौथी शक्ती का दिली, याचं उत्तर गेममध्येच असेल तर? तिसऱ्या घाटावर डावीकडून जास्त ओंडके येतात असं बाबांचा खेळ बघून मला कायम वाटत आलंय. म्हणजे गेमच एका बाजूला झुकलेला असेल. तसं असेल तर मी नियम मोडला नाही, गेमची चूक दुरुस्त केली. हे सिद्ध करता येईल. मोजायला मला येतंच.

कामावरच्या गुणपत्रिकेसारखा कागद आखला. बाबांना म्हटलं, माझ्या एका कामासाठी आठ डाव खेळा. ते खूश. शनिवारपासून ते टॅबलेटपासूनही दूर होते. आठ डाव, प्रत्येकी पाच धक्के, एकूण चाळीस. डावीकडून सदतीस. उजवीकडून तीन.

लगेच ‘काटेकोर’ला लिहायला बसले होते. मग म्हटलं, एका उमेदवारावरून रस्त्याला दोष देऊ नये. मी स्वतः आठ डाव खेळले. डावीकडून एकोणीस, उजवीकडून एकवीस.

म्हणजे गेम झुकलेला नाही. मग बाबा टॅबलेट डाव्या हातात धरतात आणि अंगठा काचेवर येतो, असं असेल. उद्या स्टँडवर ठेवून बघायचं.

२० मार्च, गुरुवार

स्टँडवर ठेवला. अंगठा नाही, काही नाही. चाळीसात अडतीस डावीकडून.

मग सेटिंगमध्ये ‘आरसा’ नावाची सोय सापडली. डावखुऱ्यांसाठी असावी. ती लावली की सगळी नदी उलटी होते, डाव्या काठाचे ओंडके उजवीकडून यायला लागतात. काचेत दोष नाही, अंगठा नाही. नदीतच काही असेल तर आता धक्केही उजवीकडे सरकले पाहिजेत. मला खरोखर उत्सुकता होती. चहा गार झाला.

नदी उलटली. धक्के उलटले नाहीत. चाळीसात छत्तीस डावीकडूनच.

बाबा म्हणाले, कसला गेम आहे, कसाही फिरवला तरी एकाच बाजूने मारतो. मी कागद घडी करून या वहीत ठेवला. पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. शनिवारी बाई डावीकडून आली होती.

२१ मार्च, शुक्रवार

कामावरून परस्पर तळमजल्यावर गेले. आत्या कपडे घड्या करत होती. मी विचारलं, बाबांना डावीकडचं दिसत नाही का? तिने घडी पूर्ण केली, मगच मान हलवली. दिवाळखोराच्या घरी जप्ती आल्यावर दिसतो तसा तिचा चेहरा होता. एकदाचं झालं असा.

नोव्हेंबरपासून, म्हणाली. पेपर वाचताना ओळीची सुरुवात सोडतो. डावीकडे ठेवलेला चहा विसरतो. तिला कळलं तेव्हापासून ती गाडीत पुढे बसते आणि डावीकडचं सगळं मोठ्याने सांगते. त्याला वाटतं म्हातारी चळली. वाटू दे. ती नसताना त्याने गाडी काढू नये म्हणून किल्ली तिच्या पर्समध्ये. डॉक्टरकडे का नेलं नाही, विचारलं तर म्हणाली, तो गेला होता की दाखला आणायला, शेवटची ओळ वाचून आला. त्याच्यापुढे मी काय बोलू?

मी म्हटलं, आत्या, हे चार महिने तू मला सांगितलं नाहीस.

“तुला सांगितलं असतं तर तू त्याला नापास केलं असतंस.”

मग तिचं म्हणणं असं: गुरुवारी तो पास होईल. पुढे ती आहेच. मी शिवणवाल्या बाईची आठवण दिली. त्या दिवशीही तू होतीसच ना, म्हटलं.

“होते. आणि मला तोंड बंद ठेवायला कुणी सांगितलं होतं?”

 

२३ मार्च, रविवार

गुरुवारी बाबा पास होतील. हे मला आत्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. परीक्षेचा पहिला रस्ता खणून ठेवलाय, म्हणून महिनाभर सगळ्यांना दुसरा. तो निघतो तोच कालव्याच्या भिंतीला लागून. भिंत डावीकडे. पुढे मैदानाचं कुंपण, तेही डावीकडे. सगळी वळणं उजवीची, सगळी सिग्नलवर. डावीकडून येण्यासारखं त्या रस्त्यावर काही नाहीच. पंधरा मिनिटांत वरिष्ठ सही करतील, आणि त्यांची काही चूक नसेल. नियमाप्रमाणे सगळं.

बाबांकडून गाडी गेली तर काय जाईल, याची मी काल यादी करायला घेतली. आत्याचा व्यायाम मी कसाही जमवीन. बाकीचं लिहिता येईना. सकाळी उठून गाडी पुसतात ते. बस होती तेव्हाही पुसायचे, ते काम डेपोतल्या माणसाचं असताना.

आणि एक कबुली. शुक्रवारपासून दोनदा माझ्या मनात आलं की आत्याचं बरोबर आहे. पुढच्या सीटवर बडबड करणारं माणूस असलं की भागतंय. शनिवारी मी बसेन, मंगळवारी आत्या. कोणत्या नियमात लिहिलंय की प्रवाशाने बोलू नये? गोष्टीतही तेच केलं. काल बारावं प्रकरण टाकलं: वल्ह्याची शक्ती काढून घेतली आणि मुक्या प्रवाशाला बोलतं केलं. तो बाजूचं सांगतो, नावाडी ऐकतो, नाव सुखरूप. मला वाटलं ‘काटेकोर’ आता तरी मान डोलावेल.

आज उत्तर आलंय. ते जसंच्या तसं उतरवते: “प्रवासी बोलतो, हे चालेल. गेमचे नियम त्याबद्दल गप्प आहेत. पण तो एकदा खोकला तर? दर वेळी नाव बुडत नाही म्हणून किंमत नाही असं होत नाही. ती नदीतलं दुसरं कुणीतरी देतं. त्या दुसऱ्या होडीत कोण आहे, ते तुम्ही बारा प्रकरणांत एकदाही लिहिलं नाही.”

खरंच लिहिलं नाही. दुसऱ्या होड्या माझ्या गोष्टीत रिकाम्याच असतात. गेममध्ये तशाच आहेत म्हणून, असं स्वतःला सांगून बघितलं.

२४ मार्च, सोमवार

रजा घेतली. न्याहारी झाल्यावर टेबलावर तिन्ही कागद मांडले आणि बाबांना सांगितलं. आडवळणाने सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडाला लागलेली परीक्षेची भाषाच बाहेर आली. डाव्या बाजूचं निरीक्षण नाही, म्हटलं. वारंवार.

बाबांनी चष्मा लावला. कागद उजवीकडे सरकवून घेतले, हे मी पहिल्यांदाच बघितलं, की ते प्रत्येक वस्तू आधी उजवीकडे सरकवून घेतात. बराच वेळ आकडे वाचत बसले.

“आणि हे उजवीकडचे तीन?”

“तिथे तुम्ही घाई केलीत.”

“ते तीन मात्र माझे,” म्हणाले.

मग त्यांनी एका डोळ्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर, माझ्याकडे बघत. मी माझा हात त्यांच्या डावीकडून हळूहळू पुढे आणला. माझं नाक ओलांडून गेल्यावर ते म्हणाले, हां, आला. तिथपर्यंत माझा हात त्यांच्यासाठी नव्हताच. आम्ही दोघांनी हे चार वेळा केलं. चौथ्यांदा त्यांना त्यात रसच वाटायला लागला होता. खालून आण, वरून आण, असं सांगत होते. अंधार दिसत नाही, म्हणाले, काहीच दिसत नाही, म्हणून तर कळलं नाही. त्यांना वाटायचं आरसा लहान झालाय.

मग जे बोलले ते मी अपेक्षिलं नव्हतं. माझ्या गोष्टी त्यांनी वाचल्या आहेत. सगळ्या. त्यांच्याच टॅबलेटवर मी टिप्पण्या बघायची आणि पान तसंच उघडं राहायचं.

“तुझ्या नावाड्याला वल्ह्यातून कळतं,” म्हणाले. “मी दोन-तीनदा स्टिअरिंग घट्ट धरून बघितलं. काही कळत नाही गं.”

मी खिडकीकडे बघत राहिले. परीक्षकाने रडू नये असा लेखी नियम नाही, पण असावा.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, गुरुवारी पास झालो असतो का? मी म्हटलं, झाला असतात. किती गुण? दहापैकी नऊ. दहावा कशाचा कापणार? हॉर्न फार वाजवता, म्हटलं. यावर ते हसले, बस चालवणारे हसतात तसे, पोटातून. आणि मग हसता हसता थांबले, आणि त्यांनी त्या बाईचं कोपर कसं आहे ते विचारलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

कार्यालयाला फोन त्यांनी स्वतः केला. मी करते म्हटलं तर नको म्हणाले. तुझ्या तोंडून गेलं तर ते नापास होणं, माझ्या तोंडून गेलं तर राजीनामा. वरिष्ठांना सांगितलं: मला डावीकडचं दिसत नाही, मुलीने मोजून दाखवलं, तपासून घेतो, तोवर तारीख रद्द करा. पलीकडून काय म्हणाले कोण जाणे. बाबा म्हणाले, नाही नाही, सहीपुरतं दिसतं. शनिवारचं मी सांगायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं आणि तेही त्यांनीच सांगितलं, छापखान्याच्या कोपऱ्यासकट.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी आत्याला व्यायामाला मी नेलं. बाबाही आले, मागे बसले. आत्या पुढे गप्प होती. भांडण कालच होऊन गेलं होतं, जिन्यात, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. अक्का, तू मला चार महिने फसवलंस, हे बाबांचं. तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, हे आत्याचं. गाडी चालवणं सोडलं नसतं, हे बाबांचं. मग मला काय बडबडायची हौस होती, हे आत्याचं. यावर बाबांनी विचारलं, दर खेपेला एवढी वाक्यं पुरायची कशी? आत्या म्हणाली, निम्मी खोटी होती, कुत्रं दर वेळी नव्हतं. सवय मोडू नये म्हणून सांगायची.

व्यायाम होईपर्यंत मी आणि बाबा बाकावर बसलो. दवाखान्यातल्या डॉक्टरने काय असू शकतं ते सांगितलं: मेंदूत एखादा लहानसा झटका येऊन गेला असेल, कुणाच्या लक्षातही न येता. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात दृष्टीचा घेर मोजतात, तिथे आधी जा, या आठवड्यातच जा. पुन्हा दिसेल का, हे त्याने सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. बाबांनी विचारलं, घेर मोजतात तो कसा? मध्ये बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं, हे ऐकून त्यांचे डोळे जरा चमकले. गेमच झाला की, म्हणाले. किती घाट आहेत विचारून ठेव.

मी त्यांना म्हटलं, गोष्टीतली वल्ह्याची शक्ती मी काढून टाकली, बाराव्या प्रकरणात. वाचलं, म्हणाले. मग जरा विचार करून:

“परत दे त्याला. त्याच्या नदीत कुणी शिवणवाली नाही. तुझ्या त्या काटेकोरला म्हणावं, गोष्टीत एवढं चालतं.”

मला ते पटलं, आणि पूर्ण पटलंही नाही. गोष्टीतल्या दुसऱ्या होड्या रिकाम्या आहेत त्या मीच ठेवल्या म्हणून. तिथे कुणाला बसवलं तर नावाड्याला वल्ह्यातून कळूनही भागणार नाही, त्याला थांबावं लागेल; आणि थांबायला त्याच्याकडे दोर पहिल्यापासून आहे, गेमच्या नियमांतला. तेरावं प्रकरण कसं लिहायचं ते अजून दिसत नाही. ‘काटेकोर’ला एवढंच कळवलं की चौथी शक्ती मी का दिली ते आता मला माहीत आहे, पण ते कारण नदीतलं नाही. उत्तर आलेलं नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात फोन मी करणार होते. बाबा म्हणाले, मी करतो, नऊला उघडतं.

उद्या: निघण्याआधी दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून बाबांच्या फोनशेजारी ठेवणे, उजव्या हाताला.